‘मोफत’च्या डोक्यावरील तारका

2023 सालच्या श्रावणातली गोष्ट. दांडिया बाजारातल्या आमच्या मावशीच्या घरी सकाळचे वर्तमानपत्र उघडताच घडीतून एक रंगीत पत्रक खाली पडले. पत्रक गुजरातीत होते, आणि मावशीला गुजराती आपल्या बोलीइतकेच वाचता येते. बडोद्यात तीन पिढ्या काढलेल्या घरात ते यायचेच. वर ठळक अक्षरांत लिहिले होते की नवीन जोडणी घेणाऱ्यास सेट टॉप बॉक्स मोफत, छत्री मोफत, बसवणावळ मोफत आणि पहिला महिना मोफत. चार वेळा ‘मोफत’ आणि प्रत्येक ‘मोफत’च्या डोक्यावर एक इवलीशी तारका.

मावशीचे यजमान, आमचे काका, 2021 साली गेले. तेव्हापासून बैठकीतला दूरचित्रवाणी संच अभ्रा घालून बंद होता. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात. शेजारपाजारची मंडळी मायेची, पण सारी गुजराती. ती मला एकदा म्हणाली होती, “अरे, सकाळी देवाशी बोलते तेवढेच मराठी. मग दिवसभर घरात मराठी शब्द म्हणून ऐकू येत नाही.” पत्रक पाहिल्यावर तिने दूरध्वनी फिरवला तो या एका गोष्टीसाठी. तिला ना क्रिकेट पाहावयाचे होते, ना सिनेमे.

तासाभरात एक तरतरीत मुलगा दारात हजर. “माजी, स्कीम चालू छे, काले बंद थई जशे!” उद्या बंद होणारी स्कीम ही आमच्या लहानपणच्या कापडदुकानांतील सेलसारखी असते, ती वर्षानुवर्षे उद्याच बंद होते. परंतु मावशीने निवृत्तिवेतनातून पंधराशे रुपये मोजून दिले, आणि त्याने पुढे केलेल्या काचेवर बोटाने सही केली. ‘मोफत’ वस्तूसाठी पंधराशे कशाचे, असे तिने विचारले म्हणे. तो म्हणाला, हे रिचार्जचे, म्हणजे तुमचेच, तुमच्याच खात्यात राहणार.

मी संध्याकाळी शिकवण्या आटोपून तिच्याकडे गेलो तो गच्चीवर छत्री बसली होती आणि बसवणाऱ्या माणसाने वाढीव तार व लोखंडी नळी यांचे म्हणून सहाशे रुपये आणखी नेले होते, बिनपावतीचे. संच सुरू होता. शंभरावर वाहिन्या दिसत होत्या: गुजराती भजने, हिंदी बातम्या, दागिन्यांच्या जाहिराती. मराठी वाहिनी लावावी तर निळ्या पडद्यावर एकच वाक्य, ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये समाविष्ट नाही.

मग मी ते पत्रक मागितले.

माझे वडील राजवाड्याच्या पदरी असलेल्या वादकांच्या शेवटच्या फळीतले. 1949 साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा त्यांनी पंचविशीही ओलांडली नव्हती. चिजांच्या जुन्या वह्या वाचायला त्यांच्याजवळ एक भिंग असे, ते आता माझ्याकडे आहे. तेच घेऊन दुसऱ्या दिवशी मी त्या पत्रकाच्या तळाशी बसलो. मुंग्यांची रांग असावी तशा सात ओळी होत्या, आणि त्या इंग्रजीत. वरचे आमिष गुजरातीत, खालची अट इंग्रजीत! मैफलीत अस्ताई सर्वांच्या कानी पडते, अंतऱ्यापर्यंत पुष्कळांचे लक्ष टिकत नाही, हे आम्हा गाण्याबजावण्याच्या लोकांना माहीत असते. पण अंतरा मुद्दाम परक्या भाषेत आणि कुजबुजून गायचा, ही रीत मात्र नवीनच पाहिली.

त्या सात ओळींचा अर्थ लावता लावता माझी दुपार गेली. थोडक्यात सांगतो, कारण अशी पत्रके वाचकांच्याही घरी पडत असतील.

‘मोफत’ ही किंमत बॉक्सची. पण ती लागू व्हावयाची तर अमुक रकमेचा रिचार्ज आगाऊ भरावा लागतो. बॉक्स तुमच्या घरी राहतो, मालकी मात्र कंपनीचीच. पहिला ‘मोफत’ महिना हा पहिला महिना नसून, अखंड सहा महिने रिचार्ज चालू ठेवल्यावर सातव्या महिन्यात जमा होणारा महिना आहे. मावशी दरवर्षी पौष-माघात लेकीकडे पुण्याला जाते. तेवढे दिवस रिचार्ज थांबला की अखंडता मोडली, महिना गेला. किमती करांखेरीज. बसवणावळीत तार अमुक मीटरपर्यंतच. पॅक ग्राहकाच्या पत्त्यावरून ठरणार. पत्ता गुजरातचा म्हणजे पॅक गुजरातीचा.

हे शेवटचे वाचून मला जरा वाईट वाटले. बडोद्याचा पत्ता असला म्हणजे घरात मराठी बोलत नसतील, हे कोणा यंत्राने ठरवून टाकले! आपल्यासारख्या किती घरांचा हिशेब त्या यंत्राने असाच केला असेल. वास्तविक नियम तसा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, 2017 साली काढलेली आणि न्यायालयीन वादानंतर 2019 च्या फेब्रुवारीपासून प्रत्यक्ष अंमलात आलेली व्यवस्था अशी आहे की ग्राहकाने हवी ती वाहिनी सुटी निवडावी, प्रत्येकीची किंमत जाहीर असावी, आणि पॅक घेण्याची सक्ती कोणावर नसावी. आपला पत्ता बडोद्याचा असो की बेळगावचा, त्या कंपनीकडे जी मराठी वाहिनी आहे ती सुटी मागण्याचा आपणास हक्क आहे. पण हक्क मागावा लागतो. न मागणाऱ्याला यंत्र पॅक देते.

येथे थोडा हिशेब करून दाखवतो, कारण पत्रकातला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांत नेहमी अंतर पडते. त्या वर्षी वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क महिन्याला जास्तीत जास्त 130 रुपये घेता येत असे, आणि त्यात दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या सोडून दोनशे वाहिन्या बसत. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. एखादी सशुल्क वाहिनी 19 रुपयांची घेतली तर करासह 22 रुपये 42 पैसे. एकूण 175 रुपये 82 पैसे. मावशीला एवढ्यात तिची मराठी मिळाली असती. पॅकपोटी तिच्या खात्यातून महिन्याला तीनशेच्या वर जाऊ लागले होते, आणि मराठीच्या नावाने पूज्य.

(पुढे 2024 च्या जुलैत ट्रायने या शुल्कावरची 130 रुपयांची कमाल मर्यादा काढून टाकली. बसवणावळीवर 350 रुपयांची आणि जोडणी चालू करण्यावर 100 रुपयांची जी मर्यादा होती, तीही उठवली. आता कंपनीने आपले दर जाहीर करावेत आणि ग्राहकाने ते पाहून घ्यावेत, असा मामला आहे. तेव्हा भिंग जपून ठेवावे.)

परंतु या साऱ्याहून मोठा घोटाळा अजून पुढेच होता. आठवडाभराने मावशीच्या भ्रमणध्वनीवर संदेश आला की आपण योजनेस अपात्र ठरला आहात, सवलत रद्द, बॉक्सची किंमत आपल्या खात्यातून वळती करण्यात आली आहे. पंधराशेपैकी शिल्लक राहिले एकशे चाळीस.

अपात्र कशाने? मी ग्राहक सेवेला दूरध्वनी केला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा, असे करीत एका मुलीचा आवाज आला. तिने शांतपणे सांगितले की योजना केवळ नवीन ग्राहकांसाठी आहे आणि या क्रमांकावर जुने खाते आहे. मी म्हणालो, मावशीने आजवर कधी जोडणी घेतलेली नाही. ती म्हणाली, खाते अमुक नावाने आहे, 2014 पासून. ते नाव आमच्या काकांचे.

काकांनी त्याच कंपनीची जोडणी घेतली होती, घरचा एकच भ्रमणध्वनी तेव्हा नोंदवला होता, आणि ते गेल्यावर कोणी रिचार्ज केला नाही एवढेच. बॉक्स माळ्यावर होता. खाते बंद करावयाचे असते, हे आम्हाला कोणाला सुचणार? श्राद्धाला काय काय लागते ते गुरुजी सांगतात. छत्रीवाल्याला कळवा असे ते सांगत नाहीत.

भिंगाखाली पुन्हा पाहिले. पाचव्या ओळीत होतेच: ‘नवीन ग्राहक’ म्हणजे ज्याच्या नावे, पत्त्यावर अथवा भ्रमणध्वनी क्रमांकावर पूर्वी कधीही जोडणी नव्हती असा ग्राहक. साध्या मराठीत नवीन म्हणजे जो आज नव्याने आला तो. कंपनीच्या कोशात नवीन म्हणजे ज्याच्या घराला तिचा पूर्वी कधी स्पर्शच झालेला नाही तो. पन्नास-पन्नास वर्षे एका पत्त्यावर राहणारी आपली जुनी घरे या व्याख्येत कधी बसणार? भाडेकरू दर वर्षी जागा बदलतो, क्रमांक बदलतो, तो नित्य नवा. आपण मात्र कायमचे जुने. आणि त्या तरतरीत मुलाने क्रमांक टाइप केला तेव्हाच त्याच्या पडद्यावर जुने खाते दिसावयास हवे होते. दिसले असेलही. जोडणीमागे त्याला काही मिळत असेल. त्याच्या पोटावर मी पाय देऊ इच्छीत नाही.

न्यू जर्सीचा मावसभाऊ त्या रात्री बोलला तेव्हा हसू लागला. म्हणाला, इकडे तर याच्या पलीकडचे आहे. तो नवा नवा गेला तेव्हा त्यानेही घरी छत्री घेण्याचा बेत केला होता. तिकडच्या जाहिरातीखाली ‘केवळ मान्य झालेल्या ग्राहकांसाठी’ असे असते, आणि मान्य होणे म्हणजे तुमच्या उधारीचा इतिहास तपासून घेणे. याने जन्मात कर्ज काढले नव्हते. आपल्याकडे ही अभिमानाची गोष्ट. तिकडे इतिहासच नाही म्हणून हा अपात्र, अनामत रक्कम भरा! शिवाय दोन वर्षांचा करार. मध्येच सोडाल तर उरलेल्या प्रत्येक महिन्यामागे दंड.

त्या देशात यावरून मोठे खटले झाले आहेत. ‘डायरेक्टटीव्ही’ या उपग्रह कंपनीने 2010 साली बहुतेक राज्यांच्या सरकारांशी अशाच तक्रारींवरून तडजोड करून 1 कोटी 32 लाख डॉलरच्या वर रक्कम भरली. पुढे 2015 च्या मार्चमध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने त्याच कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. म्हणणे असे की जाहिरातीत बारा महिन्यांचा स्वस्त दर ठळक दिसतो. पण करार दोन वर्षांचा आहे, दुसऱ्या वर्षी दर महिन्याला 45 डॉलरपर्यंत वाढतो आणि मध्येच सोडल्यास 480 डॉलरपर्यंत दंड बसतो, हे ग्राहकास नीट कळत नाही. दाव्याचा शेवट मात्र आपल्याला अपेक्षित असा झाला नाही. 2018 साली न्यायाधीशांनी दाव्याचा बराचसा भाग कंपनीच्या बाजूने निकालात काढला आणि आयोगाने उरलेला त्याच वर्षी मागे घेतला. अट कोठेतरी लिहिलेली आहे एवढ्याने ती सांगितली असे होते काय, या प्रश्नाचे उत्तर इतक्या मोठ्या खटल्यातूनही सरळ निघाले नाही, याचे मला नवल वाटते.

आपल्याकडे कायदा कागदावर तरी अधिक स्पष्ट आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दोन कलमे अशी आहेत की ती वाचून मला त्या सात ओळींचा जीव किती ते कळले. एक, ज्या भाषेत दावा त्याच भाषेत खुलासा हवा, आणि अक्षरही दाव्यासारखेच हवे. दुसरे, जी वस्तू घेण्यासाठी ग्राहकास मागणी कळवण्याचा व ती घरी आणण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही मोजावे लागते तिला ‘मोफत’ म्हणता येत नाही. म्हणजे मावशीच्या पत्रकातले चारही ‘मोफत’ बाद आणि इंग्रजी मुंग्याही बाद.

आपल्या गावाला तर याचे अप्रूप वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत राज्यकारभाराची भाषा रयतेला कळावी म्हणून केवढा खटाटोप झाला! 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कारभारी शब्दांचा बहुभाषी कोश येथूनच निघाला, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. दरबारच्या कलावंत कारखान्यालाही लेखी नियम होते. हजेरी, रजा, कोणी केव्हा सेवेस यावे, सारे ठरलेले. वडील सांगत, नियम जाच करीत, पण ते कळत असत. न कळणाऱ्या नियमाचा जाच कोणाला झाला असे त्यांनी ऐकले नव्हते.

असो. मी ही कलमे उतरवून घेऊन पत्र लिहिले. प्रथम ग्राहक सेवेकडून तक्रार क्रमांक घेतला, कारण त्यावाचून पुढचे दार उघडत नाही. मग राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे, ज्याचे नाव-पत्ता प्रत्येक कंपनीस जाहीर करावा लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः हाती घेत नाही, हे मला मध्येच कळले आणि तेथे वाया घालवलेला एक टपालखर्च सोसला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक मात्र उपयोगी पडला. तेथील मनुष्य हिंदीत नीट बोलला आणि तक्रार नोंदवून घेतली. पत्रासोबत मूळ पत्रक जोडले नाही, त्याची छायाप्रत जोडली. मूळ पत्रक हाच पुरावा, तो कधी हातचा सोडू नये. त्या मुलाने काचेवर घेतलेल्या सहीची प्रतही मागितली. ती आली तेव्हा दिसले की अर्जात ‘अटी वाचल्या व समजल्या’ या चौकोनात खूण केलेली आहे. ती खूण मावशीने केलेली नव्हती. तिला तो चौकोन दाखवलाच नव्हता.

एवढ्या खटपटीपेक्षा दूरदर्शनची फ्री डिश घ्यावी, असे माझे एक विद्यार्थी-पालक म्हणाले, आणि त्यांचे खोटे नव्हते. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे शुल्क नाही. बॉक्स आणि छत्री एकदा विकत घेतली की झाले. तेथील ‘मोफत’ला तारका नाही. डीडी सह्याद्री तेथे दिसते. मी मावशीला तसे सुचवलेही. छत्री थोडी फिरवावी लागेल, कारण ती सेवा 93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहावरून येते आणि या कंपनीची छत्री दुसरीकडे तोंड करून आहे. बॉक्सही निराळा, एका कंपनीचा दुसरीला चालत नाही. मावशी म्हणाली, “फिरव की. पण आधी माझे पैसे येऊ देत. पैशांसाठी नव्हे रे. त्यांनी मला खोटी ठरवली ना, म्हणून.”

भाद्रपद संपत आला तेव्हा कंपनीचे उत्तर आले. विशेष बाब म्हणून, असे लिहून, त्यांनी वळती केलेली रक्कम परत जमा केली होती आणि बसवणाऱ्याने नेलेले सहाशेही. नवीन बॉक्स ते परत घेऊन गेले. कारण ‘नवीन ग्राहक’ ही व्याख्या त्यांनी काही सोडली नाही; रक्कम जमा केली ती क्रमांकावरच्या जुन्या खात्यात. म्हणजे काकांच्या. माळ्यावरचा बॉक्स काढून पुसला, लावला, आणि तो चक्क चालू झाला. मी पॅक काढून टाकायला लावले आणि मावशीने बोटांवर मोजून आपल्या मराठी वाहिन्या सुट्या निवडल्या. महिन्याला दोनशेच्या आतबाहेर जातात. फ्री डिशचा बेत तिने मग गुंडाळला.

खाते तिच्या नावावर करून घेण्याचा अर्ज मी भरून ठेवला आहे. मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, सही, एवढेच लागते. तो तिच्या फडताळात तसाच आहे. दर महिन्याच्या अखेरीस तिच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो, काकांचे पूर्ण नाव घालून, की आपली शिल्लक संपत आली आहे, कृपया रिचार्ज करावा. मावशी चष्मा लावून तो वाचते आणि मला दूरध्वनी करते, “ह्यांचा निरोप आला रे. भरून टाक.”